बागेतलं कुंकू

त्या दिवशी नागपूरच्या मोठ्या बागेत माझ्या कपाळाला कुंकू लागलं असतं, तर मी माझ्या सख्ख्या बहिणीची सवत झाले असते. लागलं नाही. का लागलं नाही ते आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी त्या सतरंजीवर जे बसले होते, त्यांच्यातलं मी सोडून कोणी उरलेलं नाही.

मला तेव्हा चौदावं लागलं होतं. आम्ही वाशीमकडच्या रिठदचे. चौथी पास झाले आणि शाळा संपली. मग शेत आणि चूल. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तिला तिकडच्याच मालेगावला दिलेली. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पहिली दोन वर्षं तिच्या सासूनं देवधर्म केला, तिसऱ्या वर्षी झाडपाला दिला, चौथ्या वर्षी बोलायला सुरुवात केली. आमच्याकडे तेव्हा अशा वेळी धाकटी बहीण असली तर तीच त्या घरात देत. पहिली सून घरातून जात नाही, परकी कोणी येत नाही, सगळं घरातल्या घरात राहतं, असं लोक म्हणायचे. एका घरात दिलेल्या अशा बहिणी मी गावात पाहिल्या होत्या. त्या एकमेकींशी फार बोलत नसत.

त्या हिवाळ्यात नव्या कायद्याची चर्चा होती. दोन बायका करायला आता बंदी येणार, असं वाशीमच्या बाजारातून येणारे सांगायचे. त्यामुळे ज्यांच्या मनात होतं त्यांनी घाई केली. वाजंत्री नाही, मांडव नाही, अशी लग्नं आमच्या भागात गुपचूप उरकली गेली.

संक्रांत झाली आणि अक्का आली. सासू आणि भाऊजी तिला नागपूरला डॉक्टरीणबाईकडे नेत होते. सोबतीला मला न्यायचं, बागही दाखवायची, असं तिनं मायला सांगितलं. बाबा कापसाच्या गाड्या घेऊन वाशीमला गेले होते, आठवडाभर येणार नव्हते. माय म्हणाली, जाऊ दे, पोरीनं रेल्वेही पाहिली नाही. मी खूश होते. पण निघायच्या दिवशी सकाळी अक्कानं माझी वेणी घातली, ती सोडली आणि पुन्हा घातली. काय झालं विचारलं तर म्हणाली, वाकडी झाली होती. वेणी वाकडी नव्हती.

मालेगावला पोचलो. अक्काची सासू मला काही नवीन नव्हती. त्याआधी मी त्यांच्याकडे राहायला गेले की ती माझ्या ताटातल्या भाकरीकडे पाहायची. या वेळी तिनं मला दुधावरची साय वाढली. त्या घरात साय भाऊजींना मिळायची, बाकी कोणाला नाही. भाऊजी एरवी माझी थट्टा करायचे, शाळेतल्या कविता म्हणायला लावायचे. या वेळी ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी ओसरीवर आले की ते उठून अंगणात जायचे.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारनं अकोल्याला गेलो. स्टेशनाबाहेर कासार बसला होता. सासूनं मला त्याच्यापुढं बसवलं आणि दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरले. मी म्हटलं, अक्कालाही भरा. ती म्हणाली, तिच्या हातात आहेत की. रेल्वेत मला खिडकीपाशी जागा दिली. सासूपाशी एक कापडी पिशवी होती. ती तिनं सबंध रस्ता मांडीवर धरली, खाली ठेवली नाही, कोणाला उचलू दिली नाही. अक्कानं एकदा हात पुढं केला तर सासूनं पिशवी मागं ओढली.

नागपूरला सासूचे भाऊ राहायचे. कुठल्याशा कचेरीत कारकून होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी. दोन खोल्यांचं घर. मामींच्या बहिणीची एक पोरगी तिथं कामाला म्हणूनच राहायची म्हटलं तरी चालेल. बाप मेलेला, आई दुसरीकडे कोणाच्या घरी स्वयंपाकाला. ही धुणं, भांडी, पाणी सगळं करायची. तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. मीही पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईनं अक्काला तपासलं. बाहेर येऊन म्हणाली, हिच्यात काही दोष दिसत नाही, पुढच्या वेळी नवऱ्यालाही तपासायला आणा. सासू तिथंच उभी राहून म्हणाली, "माह्या पोराले काय झालं? कापसाचं बोझं एकटा उचलते तो." डॉक्टरीणबाईनं दुसऱ्या बाईला आत बोलावलं. दवाखान्यातून घरी येईपर्यंत सासू फक्त एकदा बोलली. मामांना म्हणाली, "मंग उद्याच."

मी विचारलं, उद्या काय? मामी म्हणाल्या, उद्या बाग.

बागेला जायच्या दिवशी मामींनी मला लुगडं नेसवलं. तोवर मी परकर-पोलकं घालायची. मी म्हटलं, बाग पाहायला लुगडं कशाला. मामी म्हणाल्या, शहर आहे, नीट जावं लागतं. निऱ्या करताना त्यांनी मला एकदा पुढून, एकदा मागून पाहिलं. बाजारात गाय पाहतात तसं. मग म्हणाल्या, हाडापेरानं बरी आहे. हे त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या, अक्काच्या सासूशी बोलल्या होत्या.

बाग फार मोठी होती. आमचं सगळं रिठद तिच्यात बसलं असतं आणि वर गायरान उरलं असतं. लोखंडी फाटक, आत लाल मुरमाचे रस्ते, दोन्हीकडे झाडं, आणि झाडांच्या बुंध्यांना कमरेइतका चुना फासलेला. हिरवंगार गवत होतं, पण त्याच्यावर एकही जनावर चरत नव्हतं. फुलं होती, ती कोणी तोडत नव्हतं. हातात काठी आणि तोंडात शिट्टी घेतलेला रखवालदार फिरत होता. कोणी गवताच्या कडेवर पाय ठेवला की शिट्टी वाजायची. जिथं पाय ठेवला तर शिट्टी वाजते अशी जमीन मी पहिल्यांदाच पाहिली. लोक मात्र हसत होते, शेंगा खात होते. सासूनं माझं मनगट धरलं होतं. गर्दी आहे, हरवशील, म्हणाली. गर्दी एवढी नव्हती. बांगड्या तिच्या मुठीखाली दाबल्या जात होत्या. मी हात सोडवायला गेले तर तिनं पकड घट्ट केली.

बागेच्या मागच्या बाजूला जनावरांचे पिंजरे होते. तिथं इतका वास होता की सासूनं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, तुम्ही पाहून या, आम्ही तिकडं बसायची जागा करतो. अक्काला तिनं बजावलं की पोरीला घेऊन लगेच ये. मग एकदाचं माझं मनगट सुटलं.

वाघ होता. मी तोवर वाघ पाहिला नव्हता, माणसांकडून ऐकला होता. तो पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा आणि वळायचा. एकाच जागी वळून वळून तिथली फरशी गुळगुळीत झाली होती. मी पाहत होते. अक्का वाघाकडे पाहत नव्हती. ती म्हणाली, "तुले कायले आनलं, समजलं नाही का तुले अजून?"

मी म्हटलं, "बाग पाहाले."

"बाग पाहाले कोनी हातभर बांगड्या घालून देते काय व?"

मग तिनं सांगितलं. दिवाळीनंतर सासूनं मला मागणी घातली होती. बाबांनी नाही म्हणून कळवलं होतं. एक पोरगी दिली, दुसरी त्याच घरात देणार नाही, हे त्यांचे शब्द. म्हणून मला गावाबाहेर आणलं. आज मामांच्या ओळखीचे लोक पंच म्हणून येणार, माझ्या कपाळाला कुंकू लागणार आणि सासू पदरात नारळ टाकणार. पाच पंचांसमोर कुंकू लागलं की पोरगी दिली असं आमच्यात धरतात. नंतर बाप नाही म्हणाला तर बापाचीच अब्रू जाते, आणि त्या पोरीला दुसरं स्थळ मिळत नाही. घरी जागा नाही, शेजारी चौकशा करतील, म्हणून बाग.

मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

ती म्हणाली, "म्याच म्हनलं त्यायले. माह्या बहिनीले आना म्हनलं." मग म्हणाली, "ते दुसरी आननारच हायेत. परकी आली तं मले गोठ्यात झोपवन. तू आली तं तू तं तसं नाही करनार."

अक्कावर मला राग आला असं मी सांगितलं तर लोकांना बरं वाटेल. राग नाही आला. मला फक्त भीती वाटली. मी त्या घरात साय खाताना, भाऊजी अंगणात जाताना, असं सगळं डोळ्यांपुढं आलं आणि ते रोज तसंच राहणार हे कळलं. ती जे सांगत होती ते खरं होतं, तिच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण मी तिच्या जागी नव्हते. मी माझ्या जागी होते, आणि मला तिथून सुटायचं होतं.

पळून जायचा विचार केला. फाटक कुठल्या बाजूला आहे तेही मला सांगता आलं नसतं. नागपुरात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. अक्का म्हणाली, चल. आम्ही निघालो.

एका मोठ्या वडाखाली सतरंजी घातली होती. मामींच्या बहिणीची पोरगी एका टोकाला बसून संत्री सोलत होती, फोडी ताटात मांडत होती. मामांच्या कचेरीतले तिघं आले होते, कोट घातलेले. मामा धरून चार झाले. पाचवा येणार होता तो आला नाही. मामा इकडेतिकडे पाहत होते. जवळच्या बाकावर काळ्या टोपीचे एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. मामा त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, पाच मिनिटं बसा आमच्यात, शुभकार्य आहे, एक माणूस कमी पडतो. म्हातारे आले. पेपर घडी करून काखेत घेतला, सतरंजीवर बसले आणि विचारलं, मुलगी कोणती? मामांनी मला दाखवलं. म्हाताऱ्यांनी मान हलवली. माझं नाव विचारलं नाही.

सासूनं पिशवी उघडली. नारळ, खण, हळदकुंकवाच्या पुड्या, साखर. मामींनी एका झाकणात पाण्याचे दोन थेंब टाकून कुंकू कालवायला घेतलं. घरून आणलेल्या जुन्या पेपरची घडी घालून तिच्यावर मला बसवलं, पूर्वेकडे तोंड करून. भाऊजी एकदम म्हणाले, "माय, आज राहू दे ना." सासू म्हणाली, "तू चूप बस." ते चूप बसले. जन्मभर ते तसेच होते.

आदल्या वर्षी आमच्या चुलत बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. पाहुणे दारात आले आणि त्याच वेळी भावकीत एक मयत झालं. सगळं थांबलं. केलेला स्वयंपाक गुरांना घातला. सुतकातल्या पोरीला कुंकू लागत नाही, दहा दिवस कोणी तिला शिवतही नाही. हे मला त्या घडीवर बसल्यावर आठवलं. मामींचं बोट कुंकवात बुडालं होतं.

मी म्हटलं, "मले सुतक हाय."

सासू म्हणाली, "कायचं सुतक?"

मी सांगितलं. आमची थोरली आजी, म्हणजे बाबांची चुलती, आम्ही निघालो त्या दिवशी पहाटे गेली. माय म्हणाली, अक्काचं नागपूर चुकेल, कोणाला सांगू नको. थोरली आजी दिवाळीपासून खोकत होती हे सासूला ठाऊक होतं. म्हणून मी तिलाच मारलं. सांगताना मी सासूच्या तोंडाकडे पाहत होते. तोवर मला खोटं बोलता येत नव्हतं, माय लगेच पकडायची. त्या दिवशी आलं.

मामींनी कुंकवाचं झाकण खाली ठेवलं. माझ्या जवळ बसलेला कोटवाला मागं सरकला. सासू मात्र तशीच होती. तिनं मान वळवली आणि अक्काला विचारलं, "तू तं तिथंच होती त्या दिवशी. खरं सांग. मेली का म्हातारी?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अक्का त्या सकाळी आमच्याच घरी होती. थोरल्या आजीच्या हातचा चहा पिऊनच ती निघाली होती. तिनं नुसतं नाही म्हटलं असतं की संपलं. नाही म्हणायला तिच्यापाशी सगळं कारण होतं, आणि ते तिनं मला नुकतंच वाघापुढं सांगितलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी झाकणातल्या कुंकवाकडे पाहत बसले. दूर कुठंतरी रखवालदाराची शिट्टी वाजली. मामींच्या बहिणीची पोरगीसुद्धा संत्रं सोलायची थांबली होती.

अक्का म्हणाली, "हो. मेली. मायनं सांगू नोको म्हनलं."

सासूनं मला उठवलं. सुतकी पोरगी तीन दिवस आमच्या ताटात जेवली, आमच्या माठाला शिवली, असं ती खूप बोलली. मायबद्दलही बोलली. मला त्याचं काही वाटलं नाही. दहा दिवस मिळाले होते. दहा दिवसांत बाबा घरी येतील, मग काही होणार नाही, असं मी धरून चालले होते.

मला सुतकाचा नियम माहीत होता. नारळाचा माहीत नव्हता.

कोटवाले उठायला लागले. मामा म्हणाले, मग दहा दिवसांनी पाहू. सासू नारळाकडे पाहत होती. म्हणाली, "हा देवापुढं ठेवून आनला. पोरासाठी बायको आनतो म्हून नाव घेतलं. हा रिकामा घरी नेता येत नाही." त्यांच्या घरात हे फार मानायचे. देवाला दाखवलेला नारळ कोणाच्या तरी पदरात पडल्याशिवाय परत आला तर त्या घराचा वंश थांबतो, असं. ज्या घरात पाच वर्षं पाळणा हलला नव्हता, त्या घरातली बाई हे कसं मोडणार? तिचे डोळे सतरंजीवरून फिरत गेले आणि टोकाला थांबले.

तिनं मामींना विचारलं, "ही तुह्या बहिनीची ना? किती वर्साची?"

मामी म्हणाल्या, सतरा. बाप नाही, कोण करतं हिचं.

सासू म्हणाली, "हात पूस व पोरी."

त्या पोरीचे हात संत्र्याच्या रसानं भरलेले होते. तिला कळलं नाही. तिनं हात लुगड्याला पुसले आणि ताट पुढं केलं. तिला वाटलं संत्री मागताहेत. मामींनी ताट घेतलं आणि तिला धरून त्या पेपरच्या घडीवर बसवलं, जिथून मी उठले होते. तिच्या आईला विचारायचं म्हणून कोणी बोललंसुद्धा नाही. मामा म्हणाले, मी मावसा आहे ना. काळ्या टोपीचे म्हातारे चष्मा वर करून म्हणाले, "मघाशी तर ती दुसरी दाखवली होती." मामा म्हणाले, "हे बी पोरगीच हाय." म्हाताऱ्यांनी पुन्हा मान हलवली.

पहिलं कुंकू अक्कानं लावायचं होतं; ती दिलेली लेक, तिला माहेरचं सुतक नव्हतं. पहिली बायको असली की तिचा हात आधी लागतो, म्हणजे तिची हरकत नाही असं होतं. सासूनं झाकण तिच्या हातात दिलं. मी सुतकी म्हणून मला सतरंजीच्या बाहेर, गवताच्या कडेला उभं केलं होतं. तिथून मला अक्काची पाठ दिसत होती आणि त्या पोरीचं तोंड दिसत होतं. पोरगी अक्काकडे पाहत होती, खाली वाकलेल्या बाईकडे लहान मूल पाहतं तसं, काहीच न समजता. कुंकू मधोमध, गोल लागलं. मग सासूनं नारळ आणि खण तिच्या पदरात टाकला. साखर वाटली. म्हाताऱ्यांनी साखर तोंडात टाकली आणि बाकावर जाऊन पेपर उघडला.

मग सासूला बांगड्या आठवल्या. त्या नळापाशी मलाच पाणी लावून काढायला लावल्या, धुऊन घेतल्या आणि त्या पोरीच्या हातात घालायला घेतल्या. तिचे हात कामाचे, हाडं रुंद. तीन बांगड्या तिथंच फुटल्या. मनगटाला रक्त आलं. सासूचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, काच आहे, फुटणारच. पोरगी रडली नाही. तिला अजूनही नीट उमगलं नव्हतं. निघताना एका हातानं पदरातला नारळ धरून ती दुसऱ्या हातानं सतरंजी झटकायला लागली, कारण ते तिचंच काम होतं. अक्कानं तिच्या हातातून सतरंजी घेतली आणि स्वतः घडी केली.

मालेगावला उतरलो तिथंच सासूनं मला भाड्याच्या गाडीत बसवून रिठदला पाठवून दिलं. दारात शिरताना थोरली आजी तिच्या ओट्यावर तूर पाखडत बसलेली दिसली. मी मायला सगळं सांगितलं. मायनं एक थोबाडीत दिली आणि मग जेवायला वाढलं. बाबा आल्यावर मालेगावला गेले. सासूनं त्यांना सांगितलं, आम्ही तुमच्या पोरीला शिवलोसुद्धा नाही, तिनंच सुतक सांगितलं, नारळ दुसरीकडे गेला. बाबा अक्काला घेऊन यायला तयार होते. अक्का आली नाही.

थोरल्या आजीला हे सगळं कळलं तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं. म्हणाली, "मले मारलं म्हनते तू नागपुरात. रडली तरी काय व पोट्टे थोडीशी?" ती नंतर आठ वर्षं जगली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगत राहिली. मालेगावात मात्र कोणी हसलं नाही. म्हातारी जिवंत आहे हे आठ दिवसांत तिथं पोचलं. माझं खोटं अक्काच्या नावावर पडलं. मी लांब होते, ती हाताशी होती.

होळीच्या आत ते लग्न उरकलं. दुसऱ्या वर्षी त्या पोरीला मुलगा झाला, मग आणखी एक. डॉक्टरीणबाईनं भाऊजींना तपासायला बोलावलं होतं, त्यांच्यात काही दोष नव्हता म्हणायचा. अक्काचं अंथरूण गोठ्याच्या बाजूच्या खोलीत गेलं. तिनं जे होईल म्हणून सांगितलं होतं, ते शब्दाला शब्द झालं. चौथ्या वर्षी ती एक गाठोडं घेऊन रिठदला आली आणि राहिली. तोवर माझं लग्न कामरगावला झालं होतं. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा ती तिथंच होती. मधल्या काळात भावाचं लग्न झालं होतं, आणि भावजय तिच्या ताटातल्या भाकरीकडे पाहायची.

एक दिवस दोघीच अंगणात तूर निवडत बसलो होतो. मी तिला विचारलं, तू हो काहून म्हणाली?

तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "तू खोटं बोलली तवा माह्याकडं पाह्यलं नाही. म्या म्हनलं, आता इले नेली तं हे जन्मभर माह्या घरात राहीन अन माह्याकडं पाहनार नाही. त्यापरीस परकी बरी. परकीसंग भांडता येते."

मी निवडलेली तूर तिच्या सुपात लोटली.

माझं पोर दोन महिन्यांचं होतं तेव्हा मालेगावची गाडी दाराशी थांबली. त्यातून ती उतरली, सवत. अंगानं भरली होती, आवाज मोठा झाला होता. सासू महिनाभर अंथरुणाला खिळली होती आणि कापूस वेचायला आला होता. ती आत न येता दारातूनच अक्काला म्हणाली की कापूस वेचणाऱ्या बायका आपलं ऐकत नाहीत, आणि निघताना कोठीची किल्ली कुठं ठेवली ते सांगून का नाही गेली. अक्का म्हणाली, किल्ली होती तिथंच आहे, डोळे आहेत ना तुला. ती म्हणाली, डोळे आहेत पण तुमच्यासारखं लपवता येत नाही. असं दारात उभं राहूनच दोघींचं लागलं. माय घाबरली, मध्ये पडायला गेली. अक्का बोलत बोलतच उठली, बोलत बोलतच दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि गाडीत जाऊन बसली. मी पोर घेऊन गाडीपर्यंत गेले. दोघींपैकी कोणीही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. गाडी हलली तरी त्यांचं किल्लीवरून चालूच होतं, गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत ऐकू येत होतं.